बेताने धावावे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिल्ली येथे दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवात साहित्य-संगीतावर व्याख्याने व्हावीत हे स्वाभाविकच आहे. धावण्यासारख्या घाम गाळण्याच्या विषयाला आपण त्या पंक्तीत बसविलेत, याबद्दल मी कार्यकारिणीचा ऋणी आहे. मी क्रीडापटू नाही. नोकरी सांभाळून सकाळी अर्धा तास धावणारा एक सामान्य गृहस्थ आहे. अशा माणसाने ही सवय टिकवावी कशी, एवढेच मला सांगावयाचे आहे.

ती सुरू करणे मुळीच कठीण नसते. दर जानेवारीत लोदी उद्यानात नवे बूट पुष्कळ दिसतात. होळीपर्यंत त्यांतील बरेचसे दिसेनासे होतात. मीही तीनदा असाच नाहीसा झालो. तिसऱ्या वेळी तर एका शर्यतीच्या ईर्ष्येने पंधरवड्यात अंतर दुप्पट केले आणि नडगीच्या दुखण्याने दोन महिने घरी बसलो. पुढे शेचाळिसाव्या वर्षी रक्तातील साखर वाढल्याचे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा चौथ्यांदा बूट चढविणे भाग पडले. या वेळी मात्र सवय मोडून चालणार नव्हते.

मागचा दोष पायांचा नव्हता, घाईचा होता. नियमित धावण्याने दम काही आठवड्यांतच वाढतो. परंतु हाडे आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा कणखर होण्यास महिनोन्‌महिने लागतात. दम वाढला म्हणजे पायही तयार झाले, असा आपला समज होतो आणि तेथेच घात होतो.

१९६२ साली अमेरिकेतील ऑरेगन विद्यापीठाचे प्रख्यात प्रशिक्षक बिल बावरमन न्यूझीलंडला गेले. तेथील आर्थर लिडियार्ड यांनी त्यांना ऑकलंडच्या हौशी मंडळींबरोबर धावण्यास नेले. नामांकित धावपटू घडविणारे बावरमन मागे पडले, आणि त्यांना सोबत करीत राहिला तो सत्तरी ओलांडलेला एक वृद्ध! बावरमन यांनी मायदेशी परतून सर्वसामान्य नागरिकांना जो धडा दिला तो साधा होता : सोबत्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने धावावे. आपणा मराठी माणसांस हा नियम जड जाऊ नये! बोलणे तुटू लागले की पाय आवरावेत, वाटल्यास चालावे. चालण्यात कमीपणा नाही.

प्रमाणही बेताचेच असावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी मध्यम श्रमांच्या व्यायामाचे किमान प्रमाण आठवड्याला १५० मिनिटे सांगितले आहे. तीन दिवस धावणे आणि दोन दिवस भरभर चालणे, दर वेळी अर्धा तास, एवढ्याने ते पुरे होते.

आता खंडाविषयी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांच्या, २०१० साली छापून आलेल्या अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागल्याचे आढळले. काहींना त्याहून पुष्कळच अधिक. एखादा दिवस चुकल्याने मात्र विशेष बाधा आली नाही. दिल्लीत तर खंड अटळच आहे. मे-जूनचे ऊन आणि दिवाळीनंतरची धुरकट हवा कोणास चुकली आहे? अशा हवेत धावणे हा निश्चय नव्हे, हट्ट होय. त्या दिवसांत मी घरातच व्यायाम करतो. वेळ मात्र पहाटेची तीच ठेवतो. हवा निवळली की पुन्हा निम्म्या अंतरापासून आरंभ करतो. चुकलेल्या दिवसांची भरपाई एका रविवारी करू पाहणारा पुढचा महिनाभर अंथरूण धरतो, हे मी स्वानुभवाने सांगतो.

ज्यांना हृदयविकार अथवा सांधेदुखी आहे, त्यांनी प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. इतरांना माझे आग्रहाचे निमंत्रण आहे. येत्या रविवारी सकाळी सहा वाजता मी लोदी उद्यानाच्या दाराशी उभा असेन. वेग बोलण्यापुरताच ठेवू. आणि पन्नास वर्षांच्या या मंडळात बोलण्यास विषयांची वाण पडणार नाही.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो.