हुशार, पण अडलेले मूल
(न्यासाच्या महोत्सवानिमित्त स्नेहलतागंज, इंदूर येथे केलेले भाषण)



महोत्सवात शिक्षक बोलावयास उभा राहिला की उपदेश ऐकावा लागणार, ही आपली धास्ती रास्त आहे. आज मात्र आम्ही एका चुकीची कबुली देण्यास उभे आहोत.

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक मुलगा होता. तोंडी हिशोबात तो आम्हांसही मागे टाकी. धडा एकदा ऐकला की त्याचे मर्म सांगे. परंतु पुस्तक हाती दिले की दुसऱ्याच ओळीत अडखळे, आणि वहीत काना, मात्रा, वेलांटी जागेवर नसे. 'डोके आहे, पण आळशी आहे,' असा शेरा त्याच्या प्रगतिपुस्तकावर आम्हीच लिहिला. पुढे तपासणीत वाचन-अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सिया, निघाली. तोवर तो नववीत गेला होता.

1896 साली डॉ. प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी अशाच एका 14 वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. सारे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतील सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत होते. त्या शिक्षकास जे दिसले, ते शंभर वर्षांनंतरही आम्हांस दिसले नाही.

अशा मुलाची बुद्धी त्याची अडचण झाकते आणि अडचण बुद्धी झाकते. म्हणून दोन्ही बाजू पाहणारा तज्ज्ञ गाठावा. तो बुद्धीची आणि वाचन-लेखनाची निरनिराळी तपासणी करतो काय, हे विचारावे. सरासरी काढून 'मूल सामान्य आहे' म्हणणाऱ्यापाशी थांबू नये. भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्याची नोंदणी आहे काय, हेही पाहावे. आपल्या मुलांना घरी मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी. आमच्या घरी उर्दूची आणखी भर. तेव्हा तपासणी कोणत्या भाषेत झाली, हा प्रश्न लहान नव्हे. डोळे व कान मात्र आधी दाखवून घ्यावेत.

औषधाने वाचन सुधारण्याची हमी देणाऱ्यास दुरूनच नमस्कार करावा. येथे खरा उपाय म्हणजे विशेष शिक्षकाने ध्वनी आणि अक्षर यांची रोज थोडी थोडी, धीराने घालून दिलेली सांगड. त्याबरोबर बुद्धीलाही खाद्य हवे. डॉ. वि. वि. पेंडसे यांनी 1962 साली पुण्यास ज्ञानप्रबोधिनी काढली, ती बुद्धिमान मुलांकडे निराळे लक्ष द्यावे म्हणूनच. अडलेल्या मुलाचा त्या लक्षावरील हक्क कमी होत नाही.

2016 च्या दिव्यांगजन अधिकार कायद्याने अध्ययन-अक्षमतेस मान्यता दिली आहे. रीतसर प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत जादा वेळ मिळू शकतो. परंतु तपासणीचा खर्च पुष्कळ घरांना झेपत नाही. आपला न्यास गणवेश देतो, पुस्तके देतो. या महोत्सवी वर्षापासून अशा तपासणीसाठीही काही रक्कम बाजूस काढावी, एवढीच विनंती.

आमचा तो शेरा आता पुसता येत नाही. निदान पुढल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर तो लिहिला जाऊ नये.