‘पाहिजेत’ची जाहिरात कोठें द्यावी?

आमच्या तालुक्याच्या गांवीं एक सार्वजनिक वाचनालय होतें. सकाळीं आठ वाजतां त्याचें दार उघडे, आणि वर्तमानपत्रांच्या मेजाभोवतीं आम्हां बेकार तरुणांची गर्दी होई. मॅट्रिक होऊन अध्यापनाचा अभ्यासक्रम पुरा केलेला, पिशवींत प्रशस्तिपत्रकांच्या नकला, आणि डोळे थेट ‘पाहिजेत’ या सदराकडे! जगांत काय चाललें आहे त्याची वार्ता मागाहून. एके दिवशीं तें पान उघडून पाहतों तों मजकुराच्या जागीं एक चौकोनी खिडकी! कोणी तरी आमच्या आधीं येऊन ती जाहिरातच कात्रीनें कापून नेली होती. तिच्यांत काय होतें तें मला चार महिन्यांनीं कळलें. शेजारच्याच गांवीं शिक्षकाची एक जागा रिकामी होती, आणि ती भरून गेली होती.

त्या कात्रीवाल्याचा मला पुष्कळ दिवस राग येत असे. पुढें नोकरी मिळाली, केस पिकले, आणि सेवेचीं शेवटचीं वर्षें उरलीं असतां एका शाळेच्या निवड समितीवर बसण्याचा योग आला. तेव्हां ध्यानांत आलें कीं, जाहिरात नाहींशी करण्यास कात्रीच लागते असें नाहीं. ती कोठें छापावयाची हें ठरवितांनाच ती योग्य माणसाच्या दृष्टीआड करतां येते. क्वचित् मुद्दाम, आणि बहुधा निष्काळजीपणानें. आज मला एवढेंच सांगावयाचें आहे कीं, चांगला उमेदवार हवा असेल तर जाहिरातीच्या मजकुराचा जितका विचार आपण करतों, त्याहून काकणभर अधिक विचार तिच्या जागेचा केला पाहिजे.

प्रथम आमचीच फजिती सांगतों. शाळा खासगी, विनाअनुदानित. गांव रेल्वेपासून दूर. गणित व विज्ञान शिकविणारे गृहस्थ अकस्मात् दुसरीकडे गेले. सभेंत जाहिरातीचा विषय निघाला, तेव्हां पहिला आणि शेवटचा प्रश्न विचारला गेला तो दराचा. दैनिकाचा दर अधिक, म्हणून एका लहान साप्ताहिकांत चार ओळी द्याव्या असें ठरलें. त्या ठरावावर मींहि सही केली. साप्ताहिक शुक्रवारीं निघालें आणि मुलाखती सोमवारीं होत्या! अर्ज आले तीन. एक विश्वस्तांपैकीं एकाच्या भाच्याचा, त्याचें शिक्षण अपुरें. दुसऱ्याची पदवी इतिहासाची. आणि तिसरे गृहस्थ मुलाखतीस आलेच नाहींत. नेमणूक कोणाचीच झाली नाहीं.

त्या वर्षीं दहावीच्या वर्गापुढें भूमिति शिकविण्यास चित्रकलेचे शिक्षक उभे राहिले. बिचारे रात्रीं जागून स्वतः धडा वाचीत आणि सकाळीं मुलांना सांगत. फळ्यावर वर्तुळ ते सुरेख काढीत. पण त्याचें प्रमेय सिद्ध करण्याची वेळ आली कीं त्यांचे कान घंटेकडे लागत. निकाल लागला, आणि गणितांत नापास झालेल्या मुलांचीं नांवें वाचतांना मला तो साप्ताहिकाचा दर आठवला. आम्हीं वांचविलेले पैसे त्या मुलांनीं भरले होते.

पुढच्या खेपेस मीं समितीला विनंति केली कीं, दरपत्रक क्षणभर बाजूस ठेवूं आणि तीन प्रश्नांचीं उत्तरें कागदावर लिहूं. आपल्याला हवा असलेला मनुष्य आज कोठें आहे? तो काय वाचतो आणि कोणाचें ऐकतो? आणि आपल्या गांवीं येण्यास तो किती दुरून निघेल?

प्रश्न साधे होते, पण त्यांचीं उत्तरें देतां देतां अर्धें काम झालें. आमचा माणूस एक तर अध्यापक महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षांत असणार, किंवा दुसऱ्या एखाद्या शाळेंत हंगामी जागेवर दिवस काढीत असणार. पहिला महाविद्यालयाचा सूचनाफलक रोज वाचतो. दुसऱ्याला रोज ‘पाहिजेत’ वाचण्यास सवड नाहीं. तो रविवारीं दैनिक चाळतो, आणि आपल्या जुन्या गुरुजींचा सल्ला मानतो. राहिला तिसरा प्रश्न. आमच्या वेतनावर मुंबईहून किंवा नागपूरहून कोणी बिऱ्हाड हलविणार नव्हतें. म्हणजे सबंध राज्यभर जाणाऱ्या आवृत्तीचा खर्च व्यर्थ होता. आमचा व लगतचे दोन जिल्हे एवढें क्षेत्र पुरे होतें.

त्याप्रमाणें दैनिकाच्या जिल्हा आवृत्तींत रविवारीं जाहिरात दिली. तीन अध्यापक महाविद्यालयांच्या प्राचार्यांना पत्रें लिहून फलकावर लावण्यास सूचना पाठविली. विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या चार परिचितांना मीं स्वतः पत्रें टाकलीं. अर्जासाठीं मुदत तीन आठवड्यांची ठेवली, आणि वेतनाचा आंकडा स्पष्ट छापला. तो छापूं नये असें कांहीं सभासदांचें म्हणणें होतें; पण ज्याला तो परवडणार नाहीं त्याला एस्.टी.चें भाडें खर्चून मुलाखतीस बोलावण्यांत कोणाचें हित होतें?

आणखी एक गोष्ट केली, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘ही जाहिरात आपण कोठें वाचली किंवा ऐकली?’ असा प्रश्न प्रत्येक अर्जदाराला विचारला. एकूण अर्ज १९ आले. वर्तमानपत्र वाचून आलेले १२, त्यांतील २ मुलाखतीस योग्य. महाविद्यालयांच्या फलकावरून आलेले ५, त्यांतील ३ योग्य. आणि माझ्या परिचितांनीं पाठविलेले २, ते दोघेहि योग्य. केवळ अर्ज मोजले असते तर वर्तमानपत्राची बाजी झाली असती. पण आपल्याला अर्जांचा ढीग करावयाचा नसतो. माणूस नेमावयाचा असतो. ज्या बाईंची निवड झाली, त्यांनीं ती जाहिरात पाहिलीच नव्हती. त्यांच्या जुन्या गुरुजींनीं माझें पत्र त्यांच्या हातीं दिलें होतें.

यावरून कोणी असें अनुमान काढील कीं, मग जाहिरात हवीच कशाला? ओळखीपाळखीनें काम भागतें! येथें जरा थांबलें पाहिजे.

ओळखीचें बळ मोठें आहे खरें. अमेरिकेंत बोस्टनजवळ न्यूटन म्हणून एक शहर आहे. तेथील सुशिक्षित नोकरदारांना त्यांच्या नोकऱ्या कशा मिळाल्या याची पाहणी मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानें केली, आणि ती १९७४ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिक लोकांना नोकरीची वार्ता ओळखीच्या माणसाकडून लागली होती. पण त्यांतील मौज अशी कीं, वारंवार भेटणाऱ्या जिवलगांपेक्षां अधूनमधून भेटणारे परिचितच अधिक उपयोगी पडले होते. कारण उघड आहे. आपले जिवलग आपल्याच ओसरीवर बसतात. आपल्याला जें ठाऊक तेंच त्यांना ठाऊक. नवी बातमी येते ती दुरून. तेव्हां संस्थेच्या चालकांनीं आपल्या भाच्यापुतण्यांना सांगणें निराळें, आणि दुसऱ्या जिल्ह्यांतील अनोळखी प्राचार्यांना पत्र लिहिणें निराळें. पहिल्यानें वर्तुळ आवळतें, दुसऱ्यानें तें रुंदावतें. एकाच आळींत, एकाच जातींत आणि एकाच घराण्यांत फिरणारी बातमी म्हणजे पुनः ती कात्रीच होय.

सार्वजनिक नोकरीच्या बाबतींत तर हा प्रश्न सोयीचा नसून न्यायाचा आहे. आपल्या राज्यघटनेच्या १६ व्या कलमानें सरकारी नोकरींत सर्व नागरिकांना समान संधि दिली आहे. पण ज्याच्या कानीं जागेची वार्ताच पडली नाहीं, त्याला संधि कसली? दुसऱ्या महायुद्धांतून परतणाऱ्या सैनिकांना काम मिळावें म्हणून १९४५ मध्यें आपल्या देशांत एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजें निघालीं, आणि १९४८ मध्यें तीं सर्व बेकारांना खुलीं झालीं. १९५९ सालच्या कायद्यानें रिकाम्या जागा या कचेऱ्यांना कळविण्याचें बंधन सरकारी खात्यांवर व मोठ्या खासगी मालकांवर घातलें. हेतु चांगला होता. परंतु पुढें कित्येक ठिकाणीं असा पायंडा पडला कीं, या कचेरीकडून आलेल्या नांवांखेरीज दुसऱ्या कोणाचा विचारच करावयाचा नाहीं. ज्याचें नांव यादींत चढलें नाहीं तो कितीहि लायक असला तरी बाहेरच राही.

१९९६ सालीं आंध्र प्रदेशांतील एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें यावर मार्ग दाखविला. कचेरीकडून नांवें मागवावींच. पण त्याबरोबर पुष्कळ खपाच्या वर्तमानपत्रांतून जाहिरात द्यावी, आपल्या कचेरीच्या फलकावर सूचना लावावी, आकाशवाणी व दूरदर्शन यांवरून ती कळवावी, आणि मग जे जे अर्ज करतील त्या सर्वांचा विचार करावा, असें न्यायालयानें सांगितलें. एकाच दाराशीं उभें राहून ‘कोणी आलें नाहीं’ असें म्हणूं नये, हाच त्याचा भावार्थ. केंद्र सरकारनें जागांच्या जाहिरातींसाठीं १९७६ मध्यें जें साप्ताहिक काढलें, तेंहि इंग्रजी, हिंदी व उर्दू अशा तीन भाषांतून निघालें. पत्र कोणत्या भाषेंतून निघतें, यावरहि तें कोणाच्या हातीं पडणार हें ठरतें.

जागा अचूक निवडली तर ती जागाच अर्धी परीक्षा घेते. दुसऱ्या महायुद्धांत, जानेवारी १९४२ मध्यें, लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’ पत्रानें आपल्या कचेरींत शब्दकोड्याची स्पर्धा ठेवली. कोडें बारा मिनिटांत सोडवावयाचें होतें. त्यानंतर कांहीं स्पर्धकांना युद्धखात्याचें पत्र गेलें, आणि शत्रूचे सांकेतिक संदेश उकलण्याच्या गुप्त कामावर त्यांना घेण्यांत आलें. ज्याला कोडीं सोडविण्याचा नाद आहे तो कोड्याच्या पानावर सांपडतो! आपल्याला हिशेबनीस हवा असेल तर वाणिज्य महाविद्यालयांत, परिचारिका हवी असेल तर परिचारिकांच्या शिक्षणसंस्थेंत, आणि जोडारी हवा असेल तर आय.टी.आय.च्या फलकावर आधीं जावें. जो आपल्या धंद्यांत रस घेतो, तो ज्या ठिकाणीं त्या धंद्याची चर्चा चालते तेथें असतोच.

आतांच्या काळीं हें सारें संगणकावर आलें आहे. ‘नौकरी डॉट कॉम’ १९९७ मध्यें, ‘लिंक्डइन’ २००३ मध्यें, आणि केंद्र सरकारची राष्ट्रीय करिअर सेवा २०१५ मध्यें सुरू झाली. महाराष्ट्रांत शिक्षकभरतीसाठीं शासनानें २०१७ मध्यें ‘पवित्र’ ही संगणकप्रणाली आणली. माझ्यासारख्या म्हाताऱ्यानें या नव्या साधनांना नाक मुरडूं नये. वाचनालयांतली कात्री तेथें चालत नाहीं, हा केवढा लाभ आहे! पण अडचण उलट बाजूनें येते. पूर्वीं अर्ज थोडे येत. आतां एका बोटाच्या दाबानें शेंकडों येतात, आणि त्यांतील पुष्कळांनीं जाहिरात धड वाचलेलीहि नसते. ढिगाखालीं लायक माणूस दबून जातो, तोहि न दिसल्यासारखाच. म्हणून सर्वत्र एकदम न पसरतां, आपल्या धंद्याच्या माणसांचें जें स्थान असेल तें निवडावें, आणि पात्रता नेमक्या शब्दांत लिहावी.

व्हॉट्सॲपवरून जाहिरात पाठवितांना दोन गोष्टींची काळजी घ्यावी. तिच्यावर तारीख व शेवटची मुदत घालावी. नाहीं तर दोन वर्षांपूर्वींची जागा आजहि गांवोगांव फिरत राहते आणि गरीब मुलें एस्.टी.चें भाडें खर्चून बंद दाराशीं येतात. दुसरें, संस्थेचें पूर्ण नांव व पत्ता द्यावा, म्हणजे वाचणाऱ्याला खातरी करून घेतां येते. ‘आधीं इतके रुपये पाठवा, मग नेमणूकपत्र देऊं,’ असें सांगणाऱ्या ठकांच्या जाहिराती याच वाटेनें येतात. प्रामाणिक संस्थेची जाहिरात त्यांच्याहून वेगळी दिसली पाहिजे. ऐकणाऱ्या तरुणांनींहि ध्यानांत ठेवावें कीं, नोकरी देण्यासाठीं जो आधीं पैसे मागतो त्याच्यापाशीं बहुधा नोकरी नसते.

श्रोतेहो, तुमच्यापैकीं कोणाचा दवाखाना असेल, कोणाची पेढी असेल, कोणी गृहरचना संस्थेचे चिटणीस असतील. माणूस नेमण्याचा प्रसंग आज ना उद्यां तुमच्यावर येईल. तेव्हां ‘स्वस्त कोठें पडेल?’ हा प्रश्न पहिला विचारूं नका. तो शेवटीं विचारा. पहिला प्रश्न स्वतःलाच विचारावयाचा आहे: मला खरोखर निवड करावयाची आहे, कीं निवड केल्याचा कागद तयार करावयाचा आहे? याचें उत्तर प्रामाणिक असेल तर जाहिरातीची योग्य जागा आपोआप सुचते.

आमच्या वाचनालयांत त्या दिवशीं मी एकटा नव्हतों. त्या चौकोनी खिडकीभोवतीं आम्ही पांचसात जण उभे होतों. आमच्यांत त्या जागेला कोण योग्य होतें, हें त्या शाळेला कधींच कळलें नाहीं, आणि तेथील मुलांनाहि नाहीं. जाहिरातीचा कागद हातीं घ्याल तेव्हां त्या पांचसात जणांची आठवण ठेवा, एवढीच माझी विनंति आहे.