किरकोळ विक्रीचा हिशेब : आकडे कसे वाचावेत?



मोठ्या कंपनीच्या वार्षिक अहवालात किरकोळ विक्री विभागाची पाने बहुधा सर्वांत देखणी असतात. परंतु निवृत्तीची पुंजी शेअरमध्ये गुंतविणाऱ्या सामान्य भागधारकाचा प्रश्न साधा असतो : दुकानांनी प्रत्यक्षात किती कमावले?

एकाच कंपनीच्या छत्राखाली तेलशुद्धीकरण, दूरसंचार आणि दुकाने नांदत असली, की एकाचा तोटा दुसऱ्याच्या नफ्याआड सहज लपतो. म्हणून भारतीय लेखामानक १०८ अन्वये विभागवार आकडे प्रसिद्ध करावे लागतात. महसूल, नफा वा मालमत्ता यांपैकी कशातही ज्या विभागाचा वाटा १० टक्के वा अधिक असेल, तो स्वतंत्र दाखविणे भाग असते. मात्र नफा कोणत्या मापाने मोजावा, हे हे मानक सांगत नाही. व्यवस्थापन स्वतः निर्णय घेताना जे माप वापरते, तेच भागधारकांपुढे ठेवावे, एवढीच अपेक्षा. थोडक्यात, गज ज्याचा त्याचा!

रिलायन्सचे उदाहरण घेऊ. या उद्योगसमूहाचे पहिले किराणा-भाजीपाल्याचे दुकान २००६ मध्ये हैदराबादेत उघडले. २०२३-२४ या वर्षी त्याच्या किरकोळ विक्रीची ढोबळ उलाढाल सुमारे ३,०६,८०० कोटी रुपये होती. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत झळकला तो हाच आकडा. त्यातून ग्राहकांकडून वसूल केलेला वस्तू व सेवा कर वजा जाता उरले सुमारे २,७३,१०० कोटी. मधले ३३,७०० कोटी सरकारचे. दुकान केवळ वसुलीदार. व्याज, घसारा व प्राप्तिकर यांपूर्वीचा नफा २३,००० कोटींवर होता. ढोबळ उलाढालीशी ताडला तर शंभर रुपयांमागे सुमारे साडेसात रुपये, निव्वळ उलाढालीशी ताडला तर सुमारे साडेआठ. नफा तोच, भाजक बदलला.

या 'पूर्वीच्या' नफ्याकडेही डोळसपणे पाहावे लागते. १ एप्रिल २०१९ पासून लागू झालेल्या लेखामानक ११६ नुसार दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावरील दुकानाचे भाडे, खर्चात न धरता, बव्हंशी घसारा आणि व्याज या रूपाने दाखविले जाते. घरमालकाला तितकेच पैसे जातात. तरीही घसारा-व्याजापूर्वीचा नफा फुगलेला दिसतो. भाड्याच्या जागांवर उभ्या असलेल्या धंद्यात हा फरक किरकोळ नव्हे. अशा वेळी घसारा वजा केल्यानंतरची ओळ शोधावी. रिलायन्सच्या विभागवार तक्त्यात ती स्वतंत्र मिळते, हे नमूद केले पाहिजे.

दुकानांची संख्याही अशीच चकविते. मार्च २०२४ अखेर रिलायन्सची १८,८३६ दुकाने होती, मार्च २०२५ अखेर १९,३४०. त्याच वर्षात विक्रीचे क्षेत्रफळ मात्र ७ कोटी ९१ लाख चौरस फुटांवरून ७ कोटी ७४ लाखांवर उतरले. दुकाने वाढली, जागा आटली.

नव्या दुकानांच्या भरीने होणारी वाढ आणि जुन्या दुकानांचा खरा जोम वेगळे काढण्यासाठी 'डी-मार्ट' आणखी एक आकडा देते : ज्या दुकानांना किमान २४ महिने झाले आहेत, केवळ त्यांच्याच विक्रीतील वाढ. २०२३-२४ मध्ये ती ९.९ टक्के होती.