बोटीतून दिसायचा तो घुमट

आम्ही राहतो लालबाग-परळला, पण आमची गावं दापोली तालुक्यातली. आमच्यातल्या मोठ्या बायका लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जायच्या. दाभोळला पाण्याजवळच मशिदीचा घुमट आणि मिनार दिसले, की आया ट्रंका मोजायला लागायच्या. गाव आलं, याची ती खूण. आणि इतक्या वर्षांत आत मात्र आमच्यापैकी कुणीच गेलं नव्हतं!

यंदा शिमग्याला गेलो. निघताना घरून ऐकून घेतलंच, ‘तिथे तुमचं काय ठेवलंय?’

मशीद आदिलशाहीतली. त्या घराण्याचा मूळ पुरुष यूसुफ हा तुर्कस्तानच्या उस्मानी सुलतानाचा मुलगा, आणि तो दाभोळलाच उतरला, असं फेरिश्ता या बखरकाराने लिहून ठेवलंय. सुलतानाचा मुलगा ही गोष्ट सगळे अभ्यासक मानत नाहीत. पण बंदर मोठं होतं, हे खरं. १५०८ साली पोर्तुगीजांनी ते जाळलं, तरी पुन्हा उभं राहिलं.

मशिदीची कथा एका बाईची आहे. विजापूरची शहजादी आयेशाबीबी मक्केला निघाली होती. समुद्रात चाच्यांचं भय, म्हणून ती इथेच थांबली आणि यात्रेचा पैसा तिने या बांधकामाला लावला. जुनं गॅझेटिअर हे काम १६५९च्या सुमाराचं सांगतं. घुमटाला तेव्हा सोन्याचा मुलामा होता म्हणे. आता नुसता दगड, आणि तोही देखणा!

त्याच गॅझेटिअरात आणखी एक ओळ सापडली. मशिदीच्या खर्चासाठी आठ गावं लावून दिली होती, त्यांत भोपण आहे. आमच्यातल्या एकीचं माहेर भोपणचं. ती म्हणाली, “म्हणजे आमच्या शेतातलं भात यात गेलंय की!” घरच्या प्रश्नाला तिने परस्पर उत्तर दिलं.

एक गोष्ट मात्र जिवाला लागली. दगडांच्या सांध्यांतून पिंपळाची रोपटी डोकावत होती. एकीने हात पुढे केला, तर तिथल्या एका चाचांनी थांबवलं. “ताई, ओढू नका. मुळाबरोबर दगड येतो. जाणकाराकडूनच काढायला हवं.”

तेव्हा एक विनंती. बोटीच्या काळातला दाभोळ बंदराचा फोटो कुणाच्या ट्रंकेत असेल, तर आमच्याकडे पाहायला आणा. त्या वेळी काय शाबूत होतं, ते त्यावरून कळेल. आमच्याकडे एकच आहे, आणि त्यात घुमटापुढे मामा उभे आहेत.