'धूमधडाका'तला मित्र



महेश कोठारे यांचा 'धूमधडाका' १९८५ चा. त्यातला अशोक सराफांचा ठसका आपल्या परभणीकडं अजून कुणी विसरलेलं नाही. मूळ गोष्ट १९६४ च्या 'कादलिक्क नेरमिल्लै' या तमिळ चित्रपटाची. १९६६ मध्ये ती हिंदीत 'प्यार किये जा' म्हणून आली.

शरद तळवलकरांचे धनाजी वाकडे महेशला नोकरीवरून काढतात. महेश मित्रालाच श्रीमंत बाप बनवून आणतो, आणि मालक त्या बापापुढं वाकतो. पोरगा तोच, बदलला फक्त बापाचा खिसा. हसता हसता मालकाला बसलेली चपराक ती हीच.

मी वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडं माणूस कमी करताना मालक दिसतही नाही. सकाळी ईमेल येतो, दुपारी लॅपटॉप बंद. सूड उगवायचा कुणावर? म्हणून आता तो चित्रपट पाहताना मला मालकापेक्षा मित्रच जास्त दिसतो. हाक मारली तसा आला आणि म्हाताऱ्याचं सोंग घेऊन उभा राहिला.

आपल्यातही कुणी मालक आहे, कुणी नोकर. कुणाची नोकरी गेली असेल आणि तो ग्रुपवर गप्प असेल. त्याला फोन करा. सोंग नको, 'येऊ का?' एवढं विचारलं तरी पुरे. आणि मालकांनो, कुणाला काढावंच लागलं, तर समोर बसवून सांगा.