ग्रंथसूचीसाठी डेटाबेसची निवड



धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. देवासला तर एकाच गावात थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन गाद्या नांदल्या. १९४८ मध्ये ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. मागे राहिले ते मोडी कागद आणि मराठी ग्रंथ. या मुलखातील ग्रंथालय आपली सूची संगणकावर नेते, तेव्हा ती कोणत्या डेटाबेसवर ठेवावी हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा राहत नाही.

१९७० मध्ये एडगर कॉड यांनी संबंधाधारित डेटाबेसची कल्पना मांडली. माहिती निरनिराळ्या तक्त्यांत ठेवावयाची आणि ते तक्ते सामाईक क्रमांकांनी जोडावयाचे, हे तिचे सार. 'तुकोजीराव' हे नाव देवासच्या थोरल्या पातीच्या मूळ पुरुषाचे, तिसऱ्या तुकोजीरावांचे आणि इंदूरच्या होळकरांतही आढळणारे. प्रत्येक व्यक्तीस स्वतंत्र क्रमांक दिला, की ई. एम. फॉर्स्टर यांचे १९५३ चे 'द हिल ऑफ देवी' नेमके तिसऱ्या तुकोजीरावांशीच जोडले जाते. एवढे काम सर्वच प्रमुख डेटाबेस करतात. खरी पारख पुढे आहे.

पहिली कसोटी लिपीची. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरी वर्णाला तीन बाइट लागतात, मोडी वर्णाला चार. मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले २०१४ मध्ये. मायएसक्यूएलचा जुना 'यूटीएफ८' संच तीन बाइटांपाशीच थांबतो. चार बाइटांचा 'यूटीएफ८एमबी४' २०१० च्या ५.५ आवृत्तीत आला. जुनी मांडणी न तपासता पुढे नेली, तर देवनागरी शाबूत राहील आणि मोडी मात्र नाकारली जाईल किंवा तुटेल. पोस्टग्रेसक्यूएलच्या यूटीएफ-८ मध्ये असा भेद नाही.

दुसरी कसोटी वर्णक्रमाची. केवळ युनिकोडच्या क्रमांकांनुसार शब्द लावले, तर 'ळ' हा 'ल'च्या पाठोपाठ येतो आणि 'क्ष' हा 'क'मध्ये शिरतो. मराठी वर्णमालेत त्यांची जागा 'ह'नंतर. भाषेचा क्रम पाळण्याची सोय पोस्टग्रेसक्यूएलमध्ये २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून अधिक सुकर झाली.

तिसरी कसोटी स्वाधीनतेची. २०१० मध्ये मायएसक्यूएल ओरॅकलच्या मालकीचे झाले. त्याआधीच, २००९ मध्ये, मूळ कर्त्यांपैकी एकाने त्यातून मारियाडीबीची धाकटी पाती वेगळी काढली होती. ग्रंथालयाला निवड बहुधा सॉफ्टवेअरच्या मागोमाग करावी लागते. 'कोहा' मायएसक्यूएल वा मारियाडीबीवर चालते, तर 'ई-ग्रंथालय'ची चौथी आवृत्ती पोस्टग्रेसक्यूएलवर.

म्हणून करार करण्यापूर्वी तीन गोष्टी करून पाहाव्यात: एक मोडी शब्द नोंदवावा, 'ळ'चे शब्द क्रमाने लावून पाहावेत, आणि सारी सूची बाहेर काढून दुसऱ्या यंत्रावर उघडावी. तिसरी गोष्ट जमली नाही, तर पहिल्या दोन जमूनही उपयोग नाही. डेटाबेस दहा-पंधरा वर्षांनी बदलेल. सूचीला मात्र पुढचे शतक गाठावयाचे आहे.