ईस्टरची अंडी, सगळ्यांच्या ताटात

मी दादरहून बोलते आहे. आमच्या घराजवळ पोर्तुगीज चर्च आहे. मूळ चर्च १५९६ सालचं, आजची इमारत मात्र १९७० नंतरची. या चर्चच्या आसपास आणि तिकडे गिरगावच्या खोताच्या वाडीत आम्हा ईस्ट इंडियन लोकांची जुनी घरं आहेत. इंग्रजी नावावर जाऊ नका. आम्ही इथलेच, मुंबई, ठाणे, वसईकडचे मराठी बोलणारे ख्रिस्ती. १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला पन्नास वर्षं झाली, तेव्हा गोव्याकडच्या ख्रिस्ती लोकांपासून ओळख वेगळी राहावी म्हणून आमच्या वाडवडलांनी हे नाव घेतलं.

ईस्टरला अंडंच का, असं मला बऱ्याच जणी विचारतात. ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. पूर्वी युरोपात या काळात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत. आता, माणसांनी उपवास धरला म्हणून कोंबडी थोडीच धरते? तिचं अंडं घालणं चालूच. त्यामुळे सणाच्या दिवशी घरात अंड्यांची रास असायची आणि ती संपवायलाच हवी असायची. तुमच्याकडे श्रावणात होतं ना, तसंच. आज आमच्यात अंड्यांची तेवढी बंदी राहिली नाही, पण ईस्टर आणि अंडं ही जोडी राहिली. सण येतोही ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर. २१ मार्चनंतरच्या पौर्णिमेपुढचा रविवार तो ईस्टर. म्हणजे बहुतेक वेळा हनुमान जयंती झाली की आमचा ईस्टर आलाच म्हणून समजा.

आता मुद्द्याचं बोलते. उकडलेलं अंडं मोजलं जातं. कर्त्या पुरुषाला दोन, मुलांना एकेक, पाहुण्याला दोन, आणि वाढणारीच्या ताटात नुसता रस्सा. आमच्याकडेही हेच, तुमच्याकडेही हेच. त्यात गावरान अंड्याला बाजारात भाव चांगला, म्हणून जिच्या परसात कोंबड्या तिच्याच पोटात अंडं जात नाही. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात. अंगावर पाजणाऱ्या बाईला आणि वयात येणाऱ्या मुलीला ती पुरेशी मिळायलाच हवीत. म्हणून आज मी मोजता येणार नाही असं अंडं सांगणार आहे. फेटलेलं अंडं कुणाच्या वाटणीचं हे कळत नाही. ते कापून सगळ्यांना सारखं वाढता येतं.

पहिला आमचा पोळ्याचा रस्सा. चार अंडी घ्या. प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडून बघा, मग भांड्यात ओता. एक नासकं निघालं तर चारही वाया जातात. त्यात बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, हळद, मीठ आणि दोन चमचे बेसन घालून चांगलं फेटा. बेसन आधी थोड्या पाण्यात कालवून घ्या, गुठळ्या राहत नाहीत. तव्यावर तेल सोडून जाड पोळा घाला, झाकण ठेवा, आच मंद. खालून सोनेरी झाला की उलटा आणि दुसरी बाजूही शिजू द्या. गार झाल्यावर सुरीने सोळा तुकडे करा.

रश्शाला आम्ही बॉटल मसाला वापरतो. दर उन्हाळ्यात मिरच्या, धणे आणि पुष्कळ मसाले भाजून, कुटून, बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरतात, उजेड लागू नये म्हणून. तेच नाव पडलं. याच दिवसांत लालबागच्या मसाला बाजारात मिरच्यांचे ढीग लागतात, डंकांचा आवाज चालू असतो आणि गल्लीतून जाणारा माणूस शिंकल्याशिवाय पुढे जात नाही. तुमच्याकडे वर्षाचा मसाला किंवा कांदा-लसूण मसाला असेलच, तो चालेल. आमच्या मसाल्यात गहू आणि हरभराही भाजून घालतात, त्यामुळे रस्सा दाट होतो. तुम्ही चमचाभर गव्हाचं पीठ कोरडं भाजून पाण्यात कालवून लावा. कांदा परता, आलं-लसूण, दोन टोमॅटो, मसाला, तेल सुटलं की पाणी आणि असेल तर वाटीभर नारळाचं दूध. उकळी आली की आच कमी करा. पोळ्याचे तुकडे वाढायच्या पाच मिनिटं आधी सोडा, फार आधी टाकले तर भिजून फुटतात. चार अंड्यांत आठ माणसं जेवतात, दोन-दोन तुकडे प्रत्येकाला. वाढणारीलाही.

दुसरा पदार्थ मी दादरच्या पारशी कॉलनीतल्या मैत्रिणीकडून घेतला. पारशी लोक कशावरही अंडं फोडतात, भेंडीवर, टोमॅटोवर, बटाट्यावर. बटाट्याचा तो पपेटा पर ईडू. तीन बटाटे पातळ कापून कांदा, जिरं, हिरवी मिरची घालून पसरट कढईत झाकून शिजवा. नरम झाले की वर खड्डे करून अंडी फोडा, मीठ भुरभुरवा, परत झाकण. पाच-सात मिनिटांनी पांढरं आणि पिवळं दोन्ही घट्ट झालेलं बघूनच उतरवा. वाहणारं पिवळं हॉटेलात शोभतं. आपल्या उन्हाळ्यात, आणि घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर, अंडं पूर्ण शिजलेलंच हवं. ताटात लिंबाची फोड ठेवा. अंड्यात क जीवनसत्त्व नसतं, ते लिंबातून मिळतं.

फ्रिज नसेल तर अंडी आणल्या आणल्या धुऊ नका. कवचावर एक नैसर्गिक थर असतो, तो धुतला की अंडं लवकर खराब होतं. घाण कोरड्या फडक्याने पुसा, टोकदार बाजू खाली करून गार कोपऱ्यात ठेवा, धुवायचं ते फोडताना. शंका आली तर पाण्यात टाकून बघा. आडवं बसलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं, लगेच शिजवा. तरंगलं तर टाकून द्या.

मुलांसाठी अंडी रंगवायची हौस असेल तर बाजारचा रंग आणू नका. दोन मुठी कांद्याच्या साली तांब्याभर पाण्यात पंधरा मिनिटं उकळा, पाणी गार होऊ द्या. अंड्यावर कोथिंबिरीचं पान चिकटवून वरून पातळ फडकं घट्ट बांधा, आणि त्याच पाण्यात उकळी आल्यावर दहा-बारा मिनिटं उकडा. फडकं सोडलं की तांबूस अंड्यावर पानाची नक्षी. ही अंडी मात्र मांडून ठेवायची नाहीत, दोन तासांच्या आत खाऊन टाका. टरफलं तव्यावर भाजून बारीक कुटा आणि कोंबड्यांच्या दाण्यात मिसळा, पुढच्या अंड्याचं कवच घट्ट होतं. अख्खी मात्र घालू नका, नाहीतर कोंबडी आपलीच अंडी फोडून खायला शिकते.